‘यावर काम झालेलं नाही’ असं लिहिण्याआधी

जीवशास्त्राच्या प्रबंधांत पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण संपता संपता एक वाक्य हटकून येतं: ‘या परिसरात या विषयावर आजवर फारसं काम झालेलं नाही.’ मी बडोद्यात जीवशास्त्र शिकवते, असे प्रबंध आणि प्रकल्प वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारते. कारण बहुतेक वेळा काम झालेलं असतं. एखाद्या बांधीव खंडात, कुणाच्या तरी न छापलेल्या थिसिसमध्ये, नव्वद वर्षांपूर्वीच्या अर्ध्या पानाच्या टिपणात ते पडून असतं. विद्यार्थ्यापर्यंत ते पोचलेलं नसतं, इतकंच. याचा दोष मी विद्यार्थ्याला देत नाही. संदर्भ शोधायचे कसे, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. बी.एस्सी.ला त्याचा विषयही निघत नाही. पुढे संशोधनपद्धतीच्या नावाखाली एखाद-दुसरा तास होतो, त्यात संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कुठे, एवढंच सांगितलं जातं. मुळात ती सूची भरायची कशी, हे राहूनच जातं.

सरकारने आता संशोधनाच्या नियतकालिकांवर मोठा पैसा खर्च करायला सुरुवात केली आहे. ते चांगलंच आहे. पण त्या पैशाचं चीज व्हायचं असेल तर कॉलेजच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात विषय जाणणारा माणूस बसला पाहिजे, आणि त्याच्यासमोरची खुर्ची विद्यार्थ्याइतकीच कुठल्याही नागरिकासाठी मोकळी असली पाहिजे. हे माझं ठाम मत आहे.

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला आमच्या शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या घरट्यांवर प्रकल्प करायचा होता. एक दिवस ती हिरमुसून आली. ‘मॅडम, आपल्या मगरींवर काहीच मिळत नाही हो. नुसत्या बातम्या येतात.’ खोटं नव्हतं ते. तिने फोनवर ‘मगर’ आणि ‘बडोदा’ एवढंच इंग्रजीत टाकलं होतं, आणि समोर ऑगस्ट २०२४ च्या पुरातले फोटो आले होते: रस्त्यावरची मगर, छपरावर चढून बसलेली मगर. मग आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो.

सुरुवात केली ती विश्वकोशापासून. संशोधन करणाऱ्याने विश्वकोश उघडायचा म्हणजे कमीपणा, असं मुलांना वाटतं. पण मराठी विश्वकोशातल्या प्राण्या-वनस्पतींच्या नोंदी पाहा, त्यांत शास्त्रीय नाव असतं, कुल असतं, आणि पुढच्या शोधाची किल्ली तीच असते. आपली मगर म्हणजे क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस; लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ साली तिला हे नाव दिलं. नाव हाती आलं की हँडबुकाकडे वळायचं. ब्रिटिश अमदानीत भारतीय प्राण्यांवर जी ग्रंथमाला निघाली तिच्यात माल्कम स्मिथने लिहिलेला मगरी आणि कासवांचा खंड १९३१ चा आहे. तो जुना झाला, पण तोवर काय माहीत होतं ते एका जागी मिळतं, आणि त्यापुढे काय झालं एवढंच शोधायचं राहतं. पुढचं शोधायला सूची. प्राणिशास्त्रात झूऑलॉजिकल रेकॉर्ड ही सूची १८६४ सालच्या साहित्यापासून सुरू झाली आणि आजही चालू आहे. प्राण्यांच्या गटांप्रमाणे, विषयाप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे त्या त्या वर्षीचं लिखाण तिच्यात लावलेलं असतं. एकूण जीवशास्त्रासाठी बायोलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स आहे, १९२६ पासूनचं, प्रत्येक लेखाच्या गोषवाऱ्यासह.

या दोन्हींना पैसे पडतात. फुकटातही बरंच आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतं, आणि त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर पानोपान वाचता येतात. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने उभी केली, म्हणजे आपल्या अंगणातलीच गोष्ट. तिथे मराठी नाव, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, तिन्ही घालून पाहावं लागतं. इंग्रजीतही ‘मगर’चं स्पेलिंग जुन्या लेखकांनी मनाला येईल तसं केलेलं आहे, आणि ‘दलदलीतली मगर’ अशा अर्थाचं दुसरंच नाव अनेकांनी वापरलेलं आहे.

संध्याकाळपर्यंत तिच्या वहीत काय काय आलं होतं! जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सामध्ये २०१२ साली विश्वामित्रीतल्या मगरींच्या सद्यस्थितीवरच एक सविस्तर निबंध आलेला आहे, आणि ते जर्नल कुणालाही मोफत वाचता येतं. त्याच्या संदर्भसूचीतून मागे गेलो तर बडोद्याच्या मगरींवरचा एक लेख सरीसृपांच्या रशियन नियतकालिकात निघाला. आपल्या पुलाखालच्या मगरीची गणना रशियात छापलेली, आणि पुलावरून रोज जाणाऱ्या मुलीला तिचा पत्ता नाही! नंतर उलट्या दिशेने गेलो: त्या निबंधाचा आधार पुढे कुणी कुणी घेतला? ही पुढे जाण्याची सोय युजीन गारफील्ड यांच्या कल्पनेतून आली. १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स निघाली, आणि आज गूगल स्कॉलरवर लेखाखालच्या एका ओळीवर बोट ठेवलं की तीच यादी उघडते. त्या ओळीवर बोट ठेवायचं असतं, हे एम.एस्सी.पर्यंत आलेल्या मुलीला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

हे सगळं मला जमलं, कारण मी त्याच विषयातली आहे आणि माझ्याकडे त्या दिवशी वेळ होता. प्रत्येक विद्यार्थ्याला असा गाइड आणि असा दिवस मिळेलच, यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

जीवशास्त्रात तर ही गरज इतर विषयांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण नावं. अकरावी-बारावीला ज्यांनी बेडूक चिरला त्या पिढीला राना टायग्रिना हे नाव झोपेतही आठवेल. आज त्याच बेडकाला होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. जुन्या नावाने शोधलंत तर अलीकडचं संशोधन निसटतं, नव्या नावाने शोधलंत तर शंभर-सव्वाशे वर्षांचं जुनं काम दिसत नाही. बाभळीचं तर विचारूच नका. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनासह नोंद; हूकर यांच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरात, म्हणजे १८७२ ते १८९७ दरम्यान निघालेल्या सात खंडांत, ती अकेशिया अरेबिका आहे. नंतर अकेशिया निलोटिका झाली. वनस्पतींच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या २०११ च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहिलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. झाड तेच, काटे तेच, डिंक तोच. बाभळीच्या सालीतल्या टॅनिनवर काम करणाऱ्या मुलाने तिन्ही नावांनी शोधलं नाही, तर त्याचा आढावा लंगडाच राहणार. लंडनच्या क्यू इथल्या वनस्पतिउद्यानाच्या संकेतस्थळावर समानार्थी नावांची यादी कुणालाही मोफत बघता येते. पण ती बघायची असते, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट, सूची चुकीची निवडली तर शोध कितीही कसून केला तरी उपयोग नाही. पबमेड ही वैद्यकीय लिखाणाची सूची १९९७ पासून सगळ्या जगाला मोफत आहे आणि औषधं, रोग, पेशी, जनुकं यांसाठी उत्तमच आहे. आमची मुलं तेवढंच ओळखतात. पावागडच्या डोंगरावरच्या वनस्पती पबमेडमध्ये शोधून, काही न मिळाल्यावर, ‘काम झालेलं नाही’ असं लिहून मोकळी होतात. पावागडचा फ्लोरा आमच्याच शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६६ साली छापला आहे. सगळ्या गुजरातचा फ्लोरा १९७८ साली वल्लभ विद्यानगरहून आला, म्हणजे इथून तासाभराच्या वाटेवरून. ही पुस्तकं कपाटात आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवणारं कुणी समोर नाही.

आता सरकारी योजनेकडे येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला याआधी जे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेत गेल्याशिवाय वाचता येत नव्हतं, ते आता त्याच्या कॉलेजच्या लॉगिनवर उघडतं. याचं महत्त्व मी जराही कमी लेखत नाही. परदेशातल्या लेखकाला ईमेल करून ‘आपल्या लेखाची प्रत पाठवाल का’ अशी विनंती करण्यात आमच्या पिढीची वर्षं गेली.

पण ही योजना लेख उघडून देते, कोणता लेख उघडायचा हे सांगत नाही. तेरा हजार नियतकालिकांचं दार उघडल्यावर दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आधीपेक्षा जास्त गोंधळायला होतं. योजनेच्या पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था आहेत. खासगी कॉलेजांतली मुलं बाहेर आहेत. आणि जो कुठल्याच संस्थेत नाही, तो तर चर्चेतही नाही.

यावर लोक म्हणतात, आता ग्रंथपालाची गरजच काय, सगळं नेटवर आहे, नाहीतर चॅटबॉटला विचारा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भयाद्या मी तपासल्या आहेत. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, खंडाचा आकडाही खरा वाटतो, आणि तो खंड उघडून पाहिला तर त्या पानावर भलताच लेख असतो. असा न लिहिलेला लेख एकदा एका प्रबंधात शिरला की पुढचे दहा जण तो तिथून उचलतात. खऱ्या लेखांतही गफलत असते. मे २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर एक मोठा निबंध आला, त्यावरून चाचण्या थांबवल्या गेल्या, आणि दोनच आठवड्यांत मूळ आकडेवारीची खातरजमा करता न आल्याने लेखकांनी तो मागे घेतला. मागे घेतलेले निबंध पुढेही बिनदिक्कत उद्धृत होत राहतात. ते तपासण्यासाठी रिट्रॅक्शन वॉचची यादी आहे, २०२३ पासून लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने ती सगळ्यांना खुली केली आहे. आमच्याकडे किती विद्यार्थ्यांनी तिचं नाव ऐकलं असेल?

विद्यापीठ अनुदान आयोगाने तर विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि कोणतं नियतकालिक विश्वासार्ह, हे ठरवणं संस्थांवर सोपवलं. संस्थेने ठरवायचं म्हणजे संस्थेत कुणी ठरवायचं? प्राचार्यांनी? विभागप्रमुखांनी, परीक्षांचे पेपर तपासता तपासता? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल रोज विद्यार्थ्यांच्या पेटीत येऊन पडतात. ते ओळखणं हेच ज्याचं पूर्णवेळ काम आहे असा माणूस ग्रंथालयातच असू शकतो. मला ठाऊक असलेल्या कित्येक कॉलेजांत मात्र ग्रंथपाल निवृत्त झाले की ती जागा भरतच नाहीत; शिपाई पुस्तकांची देवघेव करतो आणि एखाद्या प्राध्यापकाकडे ‘ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार’ जातो. त्या प्राध्यापकालाही मी नावं ठेवत नाही. त्याला ते काम कधी शिकवलेलं नाही, आणि त्यासाठी तास कमी करून दिलेले नाहीत.

आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणारा माणूस ते ग्रंथालयाच्या मध्यभागी ठेवत होते. आपण इमारती बांधल्या, संगणक आणले, आणि नेमका तो माणूस काढून टाकला.

बडोद्यात हे म्हणणं मला जास्तच टोचतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतं, हे त्यांनी ओळखलं, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं खातंच उभं केलं. आपल्या राजवाड्यातला संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. गावोगावी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गेली. स्त्रियांसाठी, मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, १९११ मध्येच बॉर्डन यांनी ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. पुस्तकांइतकीच माणसं घडवावी लागतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते काम पुढे नेलं. ग्रंथालयाची लोखंडी कपाटं आणि काचेची जमीन पाहायला आजही लोक येतात. मला वाटतं, काचेच्या जमिनीपेक्षा त्या वर्गाची आठवण आपण जास्त ठेवायला हवी होती.

आणि सार्वजनिक ग्रंथालयच का, तर त्याचं उत्तर पुन्हा विश्वामित्रीत आहे. पुरानंतर २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठावर खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. शिवाय काठातल्या बिळांत ती राहते. म्हणजे यंत्रं नदीत उतरण्याचा आणि अंडी मातीत असण्याचा काळ एकच. पूर टाळायला हवाच, त्या पुरात माझ्या ओळखीच्या घरांचं होत्याचं नव्हतं झालं. पण काठाचा कोणता तुकडा कधी सोडावा, यावर ज्या नागरिकाला महापालिकेपुढे मुद्दा मांडायचा होता, त्याने आधार कुठून आणायचा? जो दांडिया बाजारात दुकान चालवतो आणि रात्री-बेरात्री मगर पकडायला धावणाऱ्या स्वयंसेवकांत आहे, त्याच्याकडे विद्यापीठाचं लॉगिन नाही. शाळेतल्या शिक्षिकेकडे नाही. गुळवेलीचा काढा पिऊन यकृताला सूज आलेला रुग्ण ज्याच्या दवाखान्यात येतो त्या डॉक्टरकडे नाही, आणि त्याला तर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतला फरक तातडीने बघायचा असतो. हे सगळे कर भरतात. सहा हजार कोटी त्यांचेही आहेत.

सार्वजनिक ग्रंथालयांत ही नियतकालिकं खुली करायला प्रकाशक मान्य करणार नाहीत, असं म्हणतात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतल्या संगणकांवर हजारो नियतकालिकं कुणालाही बसून वाचता येतील अशी सोय प्रकाशकांनीच करून दिली. विद्यापीठांच्या कित्येक करारांतही ग्रंथालयात प्रत्यक्ष येणाऱ्या बाहेरच्या वाचकाला वाचू देण्याचं कलम असतं. पुढचा करार २०२७ नंतरचा आहे. त्याच्या वाटाघाटीत राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या मध्यवर्ती ग्रंथालयांची नावं घालायची मागणी आत्ताच करायला हवी, करारावर सह्या झाल्यावर नव्हे.

पैशाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ६,००० कोटी तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला २,००० कोटी. त्याचा शंभरावा भाग २० कोटी. वर्षाला दहा लाखांचा पगार धरला तरी देशात दोनशे संदर्भ ग्रंथपाल त्यात उभे राहतात. विज्ञानाची पदवी, त्यावर ग्रंथालयशास्त्र, आणि स्थानिक भाषा येत असलेली माणसं. बडोद्यात तर गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही हव्यात, कारण माणूस प्रश्न विचारतो तो आपल्या भाषेत, शास्त्रीय नावात नाही. अशी मुलं आहेत. ग्रंथालयशास्त्राचा विभाग याच शहराच्या विद्यापीठात आहे, प्राणिशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राचाही आहे. तिघांनी मिळून एक अभ्यासक्रम बांधला तर दोन वर्षांत पहिली तुकडी बाहेर पडेल.

तोवर थांबायचीही गरज नाही. मध्यवर्ती ग्रंथालयात एक टेबल, एक संगणक, संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे नोकरी-दुकान उरकून माणसं येऊ शकतील. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी आळीपाळीने बसावं. मी बसायला तयार आहे आणि आणखी काही जणांनी होकार दिला आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न वहीत लिहायचा, त्याचं उत्तर कुठे सापडलं ते लिहायचं, आणि जो पैसे भरल्याशिवाय उघडलाच नाही त्या लेखाचं नाव वेगळ्या पानावर लिहायचं. त्या वेगळ्या पानांची प्रत इन्फ्लिबनेटला आणि राज्याच्या ग्रंथालय खात्याला दर तीन महिन्यांनी पाठवता येईल.